समुपदेशकाशी नाते

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आजपासून रोजनिशी. आमच्या महासंघाच्या नियमावलीत तेविसावा नियम असा आहे की प्रत्येक सभासदाने स्वतःच्या मनाची रोज नोंद ठेवावी. नियम मीच लिहिला आणि दोन वर्षांत एक ओळ खरडली नाही. काल कार्यकारिणीच्या बैठकीत चिटणीस शिवगंगाबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "अध्यक्ष साहेब, तुमची वही कुठाय?" मी म्हणालो, वही गोपनीय असते. त्या म्हणाल्या, "नुसतं कव्हर दाखवा." म्हणून आज वजिराबादच्या बाजारातून ही वही आणली. कव्हरवर मोर आहे. दुकानदाराकडे गंभीर कव्हर नव्हतं.

वही उद्या कुणाच्या हाती पडली तर गोंधळ नको म्हणून लिहून ठेवतो. मी आनंदराज भद्रे, वय सेहेचाळीस, राहणार नांदेड, अखिल भारतीय समुपदेशक महासंघाचा संस्थापक-अध्यक्ष. लोकांचं दुःख ऐकून घेणाऱ्या माणसांची देशात एक शिखर संघटना असावी आणि तिचं मुख्यालय नांदेडला असावं, हे माझं स्वप्न आहे. सध्या सभासद सत्तावीस. एकोणीस नांदेडचे, आठ लातूरचे. बाकीचा भारत यायचा आहे.

काल उपाध्यक्ष शरणप्पा बिराजदारांनी पेच टाकला. ते लातूरचे. तिथे क्लासेससाठी आलेल्या पोरांची गर्दी, पोरांना टेन्शन, म्हणून समुपदेशकांना काम. "काम तिथं हाय, मग हेडऑफिस इथं कशाला?" असं त्यांचं म्हणणं. शेवटी ठराव झाला. अकरा जानेवारीला नांदेडात पहिलं राष्ट्रीय अधिवेशन घ्यायचं. तोवर तीन राज्यांतले मिळून शंभर सभासद झाले पाहिजेत आणि अधिवेशन धडपणे पार पडलं पाहिजे. नाहीतर मुख्यालय लातूरला आणि अध्यक्षही लातूरचा. ठराव एकमताने मंजूर झाला. मीही हात वर केला, कारण ऐनवेळी दुसरं काही सुचलं नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

मनाची नोंद म्हटल्यावर बाबांचं लिहिलं पाहिजे. माय गेली त्याला आठ महिने झाले. तेव्हापासून बाबा बोलत नाहीत. छत्तीस वर्षं मुदखेडच्या गँगमध्ये रुळांवर काम केलेला माणूस, हातोड्याच्या आवाजावरून कुठला बोल्ट ढिला आहे ते सांगायचा. आता दिवसभर गॅलरीत लोखंडी खुर्चीवर बसून समोरच्या रुळांवरच्या गाड्या बघतो. शेजारी दुसरी खुर्ची रोज स्वतः मांडतो. ती रिकामीच असते. माझ्या आईची जागा, दुसरं काय. आमच्या शास्त्रात रिकाम्या खुर्चीला फार महत्त्व आहे, त्यामुळे मी तिला हात लावत नाही आणि कुणाला लावू देत नाही.

जेवण अर्ध्या भाकरीवर आलंय. आज डॉक्टरांकडे नेलं. बीपी, साखर सगळं ठीक. डॉक्टर म्हणाले, "आजार काही नाही. पण असंच राहिलं तर यांचं काही खरं नाही. घरातल्या कुणीतरी बोलत बसा यांच्याशी." माझी बायको मनिषा, तिने माझ्याकडे बघितलं. मी घरी येताना रिक्षात तिला चौदावा नियम समजावून सांगितला. रक्ताच्या नात्यातल्या माणसाचं समुपदेशन करता येत नाही. ती म्हणाली, "समुपदेशन करा कोण म्हणालं? डॉक्टर म्हणाले, बोला."

मी म्हणालो, माझ्यासारख्या माणसाच्या बाबतीत दोन्हींतला फरक फार बारीक आहे. बाबा पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते. त्यांना ऐकू गेलं नसावं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सभासदत्वाचे बेचाळीस अर्ज उन्हाळ्यापासून पडून आहेत. अडचण सहाव्या नियमाची आहे. अर्जदाराने खऱ्या माणसाबरोबर, खऱ्या दुःखावर, पन्नास मिनिटांचं एक सत्र घ्यायचं आणि मला अहवाल द्यायचा. पण नांदेडात दुःखी माणूस समुपदेशकाकडे येतच नाही. "म्या काय येडा हाय का?" म्हणतो आणि देवदर्शनाला नाहीतर मेव्हण्याकडे जातो. ऑफिसखाली "मोफत मन मोकळे करा" असा बोर्ड लावला. तीन महिन्यांत तिघे आले. एकाला झेरॉक्स हवी होती, ती खालच्या मजल्यावर मिळते. दुसऱ्याला जातीच्या दाखल्याचा फॉर्म. तिसऱ्याने मुलीची पत्रिका पुढे ठेवली.

आज शिवगंगाबाई म्हणाल्या, "सर, राग मानू नका. तुमचे वडील?"

मी खुर्चीत ताठ झालो. खरा माणूस, खरं दुःख, दिवसभर फुरसत, पत्ता माहीत. शिवाय सत्र मी घेणार नाही, म्हणजे चौदावा नियमही मोडत नाही. अशी गोष्ट घरात असताना आपण बोर्ड लावत बसलो!

मनिषाने ऐकून घेतलं आणि कुकरचं झाकण इतक्या जोरात लावलं की शिट्टी उडाली. पण संध्याकाळी शिवगंगाबाई घरी येऊन बाबांना विचारून गेल्या आणि बाबांनी मान हलवली.

फॉर्म बाबांनी स्वतः भरला. बाबा कधी शाळेत गेले नाहीत. माय चौथी शिकलेली, तिने त्यांना लग्नानंतर पाटीवर अक्षरं गिरवायला लावली, हजेरीवर अंगठा उठवायचा नाही म्हणून. अकराव्या रकान्यापाशी ते थांबले. "समुपदेशकाशी नाते." आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा आवाज ऐकला. "बाई, इथं काय लिहू?"

"काही नाही, असं लिहा."

"काहीच न्हाई?"

"हो. नातं असलं की अर्ज बाद होतो, बाबा."

त्यांनी सावकाश, दाबून लिहिलं, "काही नाही." मी दारातून बघत होतो. पद्धत लागू पडायला सुरुवात झाली आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पहिलं सत्र झालं. अर्जदार अर्धापूरचा, शाळेत समुपदेशक आहे. आमच्या पद्धतीत समुपदेशक आधी बोलत नाही, समोरच्याला सुरुवात करू देतो. बाबा तर बोलतच नाहीत. पस्तीस मिनिटं दोघे ऑफिसच्या आतल्या खोलीत एकमेकांकडे बघत बसले. मग आतून आवाज यायला लागला, तो अर्जदाराचाच. पन्नास मिनिटांनी बाहेर आला तेव्हा रुमाल ओला होता. अहवालात त्याने लिहिलंय, "माझ्या बदलीचा विषय निघाला. क्लायंटने अत्यंत समंजस प्रतिसाद दिला. शेवटी क्लायंटने मला विचारले, जेवला का?" मी पास केलं.

आता एक शिस्तीची बाब. आमचा नववा नियम जगभर पाळतात. आपल्याकडे येणारा माणूस बाहेर कुठे भेटला तर समुपदेशकाने आपणहून ओळख दाखवायची नाही. त्याने दाखवली तरच दाखवायची. त्याची गुपितं आपल्याकडे असतात, चारचौघांत त्याला अवघड वाटू नये. बाबांचे अहवाल माझ्याकडे येतात, म्हणजे हा नियम मलाही लागू. रात्रीच्या जेवणाआधीच मनिषाला सांगून टाकलं की यापुढे घरात बाबांशी आपणहून बोलणं मला योग्य होणार नाही. त्यांनी सुरुवात केली तर मी आहेच.

तिने भाजीचं पातेलं उचललं. मग म्हणाली, "भाजी वाढायला ओळख लागते का? का मी वाढू?"

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आतापर्यंत एकोणीस सत्रं. सगळे पास. बाबा सकाळी दहाला स्वतःहून तयार होतात, रेल्वेचा जुना निळा स्वेटर घालतात आणि सिटीबसने ऑफिसला येतात. मी माझ्या स्कूटरवर येतो. एकत्र येणं नियमात बसत नाही. आज शिवाजी पुतळ्यापाशी सिग्नलला त्यांची बस आणि माझी स्कूटर शेजारी थांबली. ते खिडकीत होते. मी सरळ समोर बघत राहिलो. सिग्नल फार मोठा आहे तिथला.

घरात वातावरण चांगलं आहे. टीव्हीवर बातम्या लागल्या की आम्ही दोघं बघतो. काल त्यांनी घसा खाकरला. मी लगेच आवाज कमी केला आणि तयार होऊन बसलो. पण तो नुसता खोकला होता.

भाकरी मात्र आता पाऊण खातात.

६ डिसेंबर, शनिवार

बिदरहून आलो. सकाळी तिथल्या पुतळ्याला हार घातला आणि मग तिथले समुपदेशक महादेवप्पा यांच्या घरी गेलो. त्यांच्याबरोबर अकरा सभासद आले. कर्नाटक जोडलं गेलं! मोठा दिवस.

मनिषाने सांगितलं की बाबांनी पहाटेच पांढरा सदरा इस्त्री केला. दर वर्षी माय आणि ते रेल्वेच्या पासवर दादरला जायचे. तीस-बत्तीस वर्षांत खंड नव्हता. या वर्षी सदरा घालून बॅग न घेता गॅलरीत बसले. मग दुपारी मनिषाने शाळेतून येऊन त्यांना इथल्या पुतळ्याकडे नेलं. ती नायगावजवळच्या शाळेत शिकवते, दोन बस बदलून आली. "तुमची वाट बघितली त्यांनी," म्हणाली.

"तसं म्हणाले का ते?"

"म्हणाले न्हाईत. बघितली."

मी याची नोंद केली आहे. न बोललेल्या गोष्टीचा अर्थ आपण काढू नये, असा आमच्यात दंडक आहे.

१४ डिसेंबर, रविवार

निजामाबादचे रामकिशन आणि त्यांच्याबरोबरचे तेरा जण. यांची सत्रं व्हिडिओ कॉलवर. मी आतल्या खोलीत मोबाईल स्टँडला लावून दिला आणि बाहेर आलो. थोड्या वेळाने आतून बाबांचा मोठा आवाज आला. हसण्याचाही. मी दाराशी गेलो. बाबा तेलुगूत बोलत होते. फाडफाड.

शिवगंगाबाई देगलूरच्या, त्यांना तेलुगू कळतं. म्हणाल्या, "लाईनवर होते म्हणे तिकडं सहा वर्षं. तुमच्या जन्माच्या आधी. तुम्हाला माहीत नव्हतं?"

मी म्हणालो, माहीत होतं. नव्हतं. सेहेचाळीस वर्षांत मला कुणी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नसणार. याची खंत वाटली. पण नियमावलीप्रमाणे आता विचारताही येत नाही. तेलंगणा जोडलं गेलं.

२२ डिसेंबर, सोमवार

संकट. बिराजदार न कळवता लातूरहून आले. त्यांच्या कानावर गेलं होतं की नांदेडात साठ अर्जदारांना एकच क्लायंट वापरून पास केलं जातंय. टेबलावर हात आपटून म्हणाले, "भद्रेसाहेब, ह्यो काय प्रकार हाय? एका माणसाला साठ लोकांनी काय बरं करायचं? त्याला दुःख तरी किती शिल्लक राहिलं असंल?"

मी म्हणालो, तुम्ही स्वतः तपासा. ते आत गेले. चष्मा पुसत, पेन काढून, अगदी इन्स्पेक्टरसारखे. पन्नास मिनिटं झाली, तास झाला, एक तास चाळीस मिनिटं झाली. शिवगंगाबाई दोनदा दारापर्यंत जाऊन परत आल्या. शेवटी बिराजदार बाहेर आले. डोळे लाल. पेनचं टोपणही उघडलेलं नव्हतं. पाणी मागितलं, प्यायले आणि उभ्याउभ्याच "प्रमाणित" असं लिहून सही केली.

जिन्यात मला थांबवून म्हणाले, "लई नशीबवान हाव तुम्ही. असा माणूस घरात हाय. म्या तर रोज बसलो असतो."

मला बरं वाटलं. घरच्या घरी क्लायंट असणं किती सोयीचं आहे हे लातूरवाल्यांनाही पटलं म्हणायचं.

२ जानेवारी, शुक्रवार

सभासद एकशे बारा. बिराजदारांचं ऐकून जुने सभासदही एकेक करून बाबांसमोर बसून गेले. आता फक्त अधिवेशन.

एक काळजी होती, ती परिपत्रक क्रमांक सातने मिटवली. आमच्यात प्रत्येक सभासदाने दुसऱ्या सभासदाकडे जाऊन स्वतःचीही पाच सत्रं घ्यायची असतात. म्हणजे सभागृहात प्रत्येक जण कुणाचा तरी समुपदेशक आणि कुणाचा तरी क्लायंट असणार. अशा वेळी नववा नियम कसोशीने पाळावा, आपणहून ओळख दाखवू नये, उल्लंघन झाल्यास सभासदत्व रद्द, असं कळवलं. एकशे बारा जणांच्या मोबाईलवर गेलं. शंभरावर अंगठे आले.

९ जानेवारी, शुक्रवार

मनिषाशी भांडण. लिहायला नको वाटतं, पण नियम तेवीस.

ती म्हणाली, "दोन महिने झाले. त्या माणसानं ह्या घरात तुमचा एक शब्द ऐकला नाही. बाहेरचे शंभर लोक त्यांच्याशी बोलून गेले. तुम्ही सोडून."

मी शांतपणे म्हणालो, सुरुवात करायचा हक्क त्यांचा आहे. त्यांनी एकदा नुसतं आनंदा म्हटलं तरी पुरे.

"त्यांना माहीत हाय का तुमचा नियम?"

मी नियमावली काढून बघितली. तिसऱ्या नियमाप्रमाणे क्लायंटला सगळे नियम आधी समजावून सांगायचे असतात. ते राहून गेलं. तिसरा नियम माझ्याकडूनच मोडला गेला, हे मान्य केलं पाहिजे. अधिवेशन झालं की बाबांना लेखी कळवीन. मनिषाला तसं सांगितलं तर ती हसायलाच लागली, आणि मग हसता हसता रडली. तिच्यावर शाळेच्या कामाचा ताण आहे.

११ जानेवारी, रविवार

सगळं क्रमाने लिहितो.

नऊ वाजता मंगल कार्यालयात गेलो. फलक छान झाला होता. साडेनऊपासून लोक यायला लागले. बिदरचे आले, निजामाबादचे आले, लातूरची एक अख्खी बस आली. प्रत्येक जण दारातून आत यायचा, समोर ओळखीचं माणूस दिसलं की नजर खाली घालायचा आणि भिंतीकडे सरकायचा. साडेदहाला सभागृहात एकशे चार माणसं होती आणि पंख्याचा आवाज ऐकू येत होता. चहा ठेवला होता. चहापाशी गेलं की कुणीतरी समोर येणार, म्हणून कुणी गेलं नाही. त्यावर साय धरली.

बिराजदार आणि अर्धापूरचा तो अर्जदार एका खांबाच्या दोन बाजूंना उभे होते, एकमेकांकडे पाठ करून. रामकिशन घड्याळ बघत होते. मी व्यासपीठावर. मीही कुणाकडे बघू शकत नव्हतो, सगळ्यांचे अहवाल मी वाचलेले.

स्वयंपाकाचा ठेकेदार हात पुसत माझ्याकडे आला. आवाज अगदी खाली आणून म्हणाला, "साहेब, मला कुणी सांगितलंच न्हाई. कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही. अधिवेशन आहे."

त्याने सभागृहाकडे बघितलं. "हाव, बरोबर हाय. पण जिलबी ठेवू का काढू? बरं दिसत न्हाई." पाच मिनिटांनी बघितलं तर त्याने स्वागताचे हार टेबलावरून उचलून, कुणाचा तरी फोटो येईल या हिशेबाने, एका रिकाम्या खुर्चीवर नीट मांडून ठेवले होते. दारावरच्या सनईवाल्याला त्याने परस्पर घरी पाठवलं होतं.

अकरा वाजले. उद्घाटनाला कुणी बसेना, कारण बसलं की शेजारी कुणीतरी असणार. निजामाबादच्या दोघांनी बॅगा उचलल्या. बिराजदार खांबाआडून माझ्याकडे बघत होते आणि मला स्पष्ट दिसत होतं की मुख्यालय लातूरला चाललं आहे.

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. मनिषा उतरली आणि तिच्यामागून निळा स्वेटर घातलेले बाबा. आत आले, उंबऱ्यापाशी उभे राहिले, सगळ्यांवरून नजर फिरवली.

"का हो बिराजदार साहेब, खांब पडून राहिलाय का, धरून उभे हाव ते?"

बिराजदार दचकले. क्लायंटने आपणहून ओळख दाखवली होती! नियमाप्रमाणे आता ते मोकळे होते. धावतच आले आणि त्यांनी बाबांचे दोन्ही हात धरले. बाबांनी विचारलं, "गेलता का मंग भावाकडं?" बिराजदार म्हणाले, "गेलो, बाबा. दारातच गळ्यात पडला."

मग बाबा पुढच्याकडे. "बदलीचं झालं का रे?" मग निजामाबादवाल्यांना तेलुगूत काहीतरी, की त्यांनी बॅगा खाली ठेवल्या. मग एका बाईंना, "झोप लागून राहिली का आता?" कुणाचं काय ते कुणाला कळेल असं एक वाक्य ते बोलले नाहीत, आणि तरी जिथे हात ठेवतील तिथे माणूस बोलता होत होता. एकशे चार माणसं. ते प्रत्येकापाशी थांबले, नावानिशी. अर्ध्या तासाने सभागृहात इतका गलका झाला की माझं प्रास्ताविक कुणाला ऐकू गेलं नाही. ठेकेदाराने जिलबीची परात स्वतः डोक्यावरून आणली. सनईवाल्याला फोन केला, पण तो तोवर घरी जेवायला बसला होता.

सगळ्यांना भेटून झाल्यावर बाबा व्यासपीठासमोर आले. मी उभा राहिलो. त्यांनी वर माझ्याकडे बघितलं, माझ्या कोटावरचा अध्यक्षाचा बिल्ला बघितला आणि हात जोडले.

"जय भीम, साहेब."

"जय भीम," मी म्हणालो.

ते थोडा वेळ थांबले. मग मागच्या रांगेत जाऊन बसले.

मुख्यालय नांदेडलाच राहील, असा ठराव बिराजदारांनी स्वतः मांडला. टाळ्या वाजल्या. अध्यक्षपदी माझी फेरनिवड झाली. आज मला आनंद व्हायला पाहिजे होता.

१२ जानेवारी, सोमवार

सकाळी ऑफिसात अभिनंदनाचे फोन घेत होतो. अकराच्या सुमाराला शिवगंगाबाई फॉर्म घेऊन आल्या. चेहरा कसनुसा. "एक क्लायंट आलेत. तुमच्याकडेच सत्र पाहिजे म्हणतात."

दोन वर्षांत माझं नाव घेऊन कुणी आलेलं नव्हतं. मी कोट नीट केला, फॉर्म पुढे ओढला आणि शिस्तीप्रमाणे पहिल्या रकान्यापासून वाचायला लागलो. नाव, भीमा सटवाजी भद्रे. वय, त्र्याहत्तर. धंदा, पेन्शन. अडचण काय आहे या रकान्यात दाबून लिहिलेली अक्षरं होती, मायने शिकवलेली, प्रत्येक अक्षर वेगळं. "बायको वारली. पोरगं बोलत नाही."

रकाना अकरा. समुपदेशकाशी नाते. "काही नाही."

मी ते किती वेळ वाचत बसलो ते माहीत नाही. मला रडू आलं. शिवगंगाबाई आल्या पावली बाहेर गेल्या आणि बाबा आत आले, टोपी हातात घेऊन, खुर्चीच्या कडेवर बसले. बाहेरची माणसं बसतात तसे.

"अकरा नंबरला खोटं लिहिलंय म्या," ते म्हणाले. "खरं लिहिलं की बाद करतात म्हणं तुमच्यात."

नियम चौदा. खोटी माहिती आढळल्यास नियम सतरा. मी पेन घेतलं आणि फॉर्मवर आडवी रेघ मारून "बाद" असं लिहिलं. ते बघून बाबा उठायला लागले. मी टेबलाला वळसा घालून गेलो आणि त्यांचा हात धरला. केवढा खरबरीत हात आहे. म्हणालो, "बाबा, चला. घरी जाऊ."

स्कूटरवर मागे बसले. सिग्नलला त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

घरी आल्यावर ते गॅलरीत गेले. त्यांनी आपली खुर्ची मांडली आणि शेजारी दुसरी मांडली. मी उभाच. शेवटी विचारलं, "मायच्या खुर्चीवर बसू का?"

लहानपणी मी पाढा चुकलो की बाबा जसे बघायचे, तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"तुही माय कधी खुर्चीवर बसली का रे? ती उंबऱ्यावर बसायची. दहा महिने झाले, तुह्यासाठी टाकून राहिलो म्या ती."

मी बसलो. पुढे काय बोलणं झालं ते गोपनीय आहे. एवढंच लिहितो की मनिषा शाळेतून आली तेव्हा आम्ही तिथेच होतो, तीन मालगाड्या आणि एक एक्स्प्रेस गेली होती, आणि त्या खुर्चीचा मागचा एक पाय आखूड आहे. उद्या खाली काहीतरी सरकवावं लागेल.